पतसंस्थेला तुमचा पासवर्ड माहीत असायलाच नको

आबांचा फोन दुपारी आला. पारोळ्याजवळच्या आमच्या गावाहून ते एरवी रात्री जेवणं झाल्यावर फोन करतात, म्हणून हातातलं काम टाकून मी उचलला. त्यांच्या पतसंस्थेनं सभासदांसाठी मोबाइलवर खातं बघायची सोय केली होती. आबा पासवर्ड विसरले, त्यांनी शाखेत फोन लावला, आणि तिथल्या मुलानं दोन मिनिटांत अडचण सोडवली. "आबा, तुमचा पासवर्ड अमुक अमुक आहे, टाकून बघा." टाकला, खातं उघडलं. तरी आबांना चैन पडेना. मला म्हणाले, "मना पासवर्ड त्याले कसा मालूम?"

संगणकाच्या सुरक्षेतला हा अगदी पायाचा प्रश्न आहे. उत्तर द्यायला मला तो दिवस पुरला नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो आहे. मी जळगावात राहतो आणि लहान संस्थांची सॉफ्टवेअर सांभाळतो: पतसंस्था, दूध डेअऱ्या, केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब. शाखेतल्या त्या मुलाचा दोष नाही. त्यानं मनापासून मदत केली. दोष आहे तो ज्यानं पासवर्ड त्याच्या स्क्रीनवर दिसेल असा साठवून ठेवला त्याचा.

डेटाबेस म्हणजे शेवटी नीट आखलेली वही. एका ओळीत सभासद क्रमांक, नाव, मोबाइल नंबर, शिल्लक आणि पासवर्ड. शाखेतला माणूस ही वही उघडू शकतो. सॉफ्टवेअर सांभाळणारा माझ्यासारखा माणूस उघडू शकतो. रोज संध्याकाळी बॅकअप घेऊन पेन ड्राइव्ह कपाटात ठेवणाराही उघडू शकतो. आणि बाहेरचा चोर आत शिरला, तर एकेक सभासद शोधत बसण्याची त्याला गरज नसते, तो अख्खी वहीच उचलून नेतो. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीचं असंच झालं. ३ कोटी २० लाख खात्यांचे पासवर्ड जसेच्या तसे लिहिलेले होते आणि तसेच बाहेर पडले. ती यादी आजही चोरांच्या हाताशी असते, कारण माणसं कसले पासवर्ड ठेवतात याचा तो भलामोठा नमुना आहे.

आता इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शिल्लक किती आहे हे संस्थेला वाचता आलंच पाहिजे, नाहीतर ती व्याज कसं लावणार? मोबाइल नंबर वाचता आला पाहिजे, नाहीतर मेसेज कुठं पाठवणार? पासवर्ड मात्र संस्थेला कधीच वाचावा लागत नाही. तिला एवढंच ताडून बघायचं असतं, की आत्ता टाकलेला आणि पहिल्यांदा ठरवलेला पासवर्ड एकच आहे का. पासवर्ड जवळ न ठेवताही हे ताडून बघता येतं. ही युक्ती म्हणजेच हॅशिंग.

त्याआधी एनक्रिप्शन, कारण या दोघांची गल्लत शिकलेली माणसंही करतात. "आमच्याकडे पासवर्ड एनक्रिप्ट केलेले आहेत" असं कुणी अभिमानानं सांगितलं, की मी लगेच विचारतो, किल्ली कुठं आहे? एनक्रिप्शन म्हणजे कुलूप. मजकूर किल्लीनं बंद करायचा, लागेल तेव्हा किल्लीनंच उघडायचा. आधार क्रमांक, दुसऱ्या बँकेचा खाते क्रमांक असं पुन्हा वाचावं लागणारं जे जे असतं, त्याला हेच हवं. पण ज्याच्याकडे किल्ली, त्याला सगळंच उघडं. आणि किल्ली बहुधा त्याच सर्व्हरवर एखाद्या फाइलीत पडलेली असते. दाराला भक्कम कुलूप घालून किल्ली दिवळीत ठेवून शेतात जावं, तसं ते.

किल्ली चोराला मिळाली नाही तरी काय होऊ शकतं, हे २०१३ मध्ये अ‍ॅडोबी कंपनीच्या चोरीत दिसलं. त्यांनी पासवर्ड हॅश केले नव्हते. एकाच किल्लीनं, आणि तेही अशा पद्धतीनं एनक्रिप्ट केले होते, की एकसारखे पासवर्ड बंद केल्यावरही एकसारखेच दिसत. शिवाय पासवर्ड आठवावा म्हणून लोकांनी लिहिलेली सूचना शेजारीच उघडी होती. समजा हजार जणांचा बंद मजकूर सारखाच आहे. त्यातल्या एकानं सूचनेत 'मुलीचं नाव' लिहिलं, दुसऱ्यानं 'गंगेचं दुसरं नाव', तिसऱ्यानं 'चार अक्षरी, भ पासून'. एकाचं कोडं सुटलं की हजारही जणांचं सुटलं. लोकांनी ती १५ कोटींच्या आसपासची यादी खरोखर शब्दकोड्यासारखी सोडवली, किल्लीला हातही न लावता.

म्हणून पासवर्डाला कुलूप नको. त्याचं भरीत करायचं.

आपल्याकडे वांगी काट्याकुट्यांवर भाजतात, सोलतात आणि बडगीत घालून कुटतात. एकदा कुटल्यावर त्यातून पुन्हा वांगं उभं करता येत नाही. किल्ली हरवली म्हणून नाही, मागे जायची वाटच उरत नाही म्हणून. हॅशिंग असंच एकाच दिशेनं चालतं. पासवर्ड आत घालायचा, ठरलेल्या गणिती पायऱ्यांनी तो कुटायचा, आणि बाहेर येणारी ठरावीक लांबीची खुणांची माळ, म्हणजेच हॅश, तेवढी साठवायची. मूळ पासवर्ड टाकून द्यायचा. उद्या सभासद लॉगिन करायला आला, की त्यानं टाकलेला पासवर्ड पुन्हा तसाच कुटायचा आणि दोन माळा जुळतात का बघायचं.

भरिताची उपमा इथपर्यंतच पुरते. दोन घरची भरितं कधी एका चवीची होत नाहीत, हॅश मात्र काटेकोर असतो. आत तेच गेलं तर बाहेर तेच येणार, जळगावात, शहाद्यात, जगात कुठंही. आणि आत एक खूण जरी बदलली, तरी बाहेरचं सगळं बदलतं. एमडी५ नावाची १९९१ ची जुनी पद्धत आहे. तिच्यात '१२३४५६' घातलं, की 'ई१०एडीसी३९' अशी सुरू होणारी ३२ खुणांची माळ मिळते. शेवटी फक्त ७ वाढवा, की नवी माळ 'एफसीईए९२०एफ' अशी सुरू होते. दोन्हींत काही नातं दिसतं का? आत एक अक्षर घाला की अख्खं पान, माळ ३२ खुणांचीच. इतकं सगळं इतक्या थोड्यात गेलं म्हणजे बरंच काही सांडलेलं आहे, आणि सांडलेलं परत गोळा करता येत नाही.

मग काही वेबसाइट 'एमडी५ डिक्रिप्ट करून देतो' म्हणतात ते काय? ते उलटं कुटणं नव्हे. त्यांनी कोट्यवधी नेहमीचे पासवर्ड आधीच कुटून माळांचा पाढा करून ठेवलेला असतो. तुमची माळ त्या पाढ्यात सापडली, की शेजारचा पासवर्ड वाचून दाखवतात. चोरही तेच करतो. तो मागे जात नाही, पुढूनच अंदाज करत येतो: हा शब्द कुटून बघ, तो कुटून बघ. २०१२ मध्ये लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या वेबसाइटचे सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले. ते एसएचए-१ या पद्धतीनं कुटलेले होते, पण त्यात एक गोष्ट घातलेली नव्हती, आणि त्यातले बरेचसे काही दिवसांतच फुटले.

ती गोष्ट म्हणजे मीठ. हा शब्द मी भरितावरून ओढूनताणून आणलेला नाही. संगणकवाले तिला इंग्रजीत खरंच सॉल्ट म्हणतात. प्रत्येक सभासदासाठी संगणक एक वेगळी, अंदाज न येणारी अक्षरांची चिमूट तयार करतो, पासवर्डात मिसळतो आणि मग कुटतो. आबांचा आणि शेजारच्या काकूंचा पासवर्ड अगदी एकच असला तरी मीठ वेगळं, म्हणून माळ वेगळी. चोराचा तयार पाढा तिथंच निकामी होतो, कारण त्याला प्रत्येक सभासदासाठी नवा पाढा पहिल्यापासून मांडावा लागतो. मीठ लपवावं लागत नाही, ते त्याच ओळीत माळेशेजारी उघडं लिहिलेलं असतं. लॉगिनच्या वेळी ते लागणारच असतं. अनेकांना हे खटकतं. पण मिठाचं काम गुपित राखण्याचं नाहीच, चोराला घाऊक काम करू न देण्याचं आहे.

हे नवं आहे असंही नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्स प्रणालीतल्या पासवर्डांबद्दल जो निबंध लिहिला, त्यात मीठ आहे आणि मुद्दाम संथ केलेलं कुटणंही आहे. त्यांचं मीठ १२ बिटांचं होतं, म्हणजे ४,०९६ प्रकारचं. इतक्या जुन्या आणि फुकट उपलब्ध असलेल्या गोष्टीअभावी आजही सभासदांचे पासवर्ड उघडे पडतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

संथपणाचा मुद्दा थोडा उलटा वाटेल. बाकी सगळीकडे संगणक वेगानं चालावा असं आपल्याला वाटतं. एमडी५, एसएचए-१, इतकंच काय, आजही भक्कम मानली जाणारी एसएचए-२५६ ही पद्धतसुद्धा वेगासाठी बनलेली आहे. फाइल वाटेत बदलली नाही ना, हे झटकन तपासायला ती उत्तम. पण जे मला झटकन होतं, ते चोरालाही झटकन होतं. खेळांसाठी विकत मिळणारं ग्राफिक कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ सहज कुटतं. हिशेब करून बघू. इंग्रजी लहान लिपीतली २६ अक्षरं घेऊन ८ अक्षरी पासवर्ड केला, तर एकूण २०,८८२ कोटी शक्यता होतात. सेकंदाला १,००० कोटी अंदाज धरले, तर सगळ्या शक्यता २१ सेकंदांत संपतात. चहा उकळायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

१९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर्स यांनी बीक्रिप्ट नावाची पद्धत मांडली. तिच्यात कुटण्याचे फेरे किती हे आपण ठरवतो. आकडा १२ ठेवला तर २ चा १२ वा घात, म्हणजे ४,०९६ फेरे. यंत्रं वेगवान झाली की आकडा एकानं वाढवायचा, काम दुप्पट होतं. आबांना लॉगिनसाठी पाव सेकंद जास्त लागला तर त्यांना कळणारही नाही. चोराला मात्र तो पाव सेकंद प्रत्येक अंदाजाला मोजावा लागतो. मोठी यंत्रं लावून त्यानं सेकंदाला १०,००० अंदाज केले असं धरा. वरचे २१ सेकंद आता जवळपास ८ महिने होतात, आणि तेही एका सभासदासाठी. पासवर्ड ८ ऐवजी १० अक्षरी असता, तर सुमारे ४४७ वर्षं. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगची जाहीर स्पर्धा जिंकलेली अर्गॉन२ ही पद्धत आणखी पुढे जाते. ती वेळेबरोबर भरपूर मेमरीही मागते, त्यामुळे हजारो अंदाज एकाच वेळी चालवणाऱ्या ग्राफिक कार्डांची दमछाक होते. आज नवं काम करत असाल तर अर्गॉन२ घ्या. आधीपासून बीक्रिप्ट असेल तर घाबरून बदलायची गरज नाही.

बीक्रिप्टची नोंद डेटाबेसात ६० खुणांची दिसते. सुरुवातीला पद्धतीचं नाव आणि फेऱ्यांचा आकडा, मग २२ खुणांचं मीठ, मग ३१ खुणांची माळ. सगळं एकाच दोरीत ओवलेलं. मिठासाठी वेगळा कॉलम लागत नाही, आणि ते स्वतःच्या डोक्यानं तयार करायची गरजही नाही. तयार लायब्ररी, म्हणजे जाणकारांनी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रामचा भाग, वापरा. घरचं गणित इथं चालत नाही. 'आम्ही एमडी५ तीनदा लावतो आणि मध्ये संस्थेचं नाव घालतो' असलं मी पाहिलेलं आहे. ते करणाऱ्याला वाटतं की कुणाला कळणार नाही. पण डेटाबेसासोबत प्रोग्रामही चोरीला गेला, की सगळंच कळतं.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक होईल. आपल्याकडे जन्मतारीख हा फार आवडता पासवर्ड आहे. शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा मिळून ३६,५२५ होतात. सेकंदाला १०,००० अंदाजांच्या संथ वेगानंही चार सेकंदांत त्या संपतात. मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवला, तर तो शेजारच्याच कॉलमात लिहिलेला असतो. तिथं बीक्रिप्ट, मीठ, फेरे, कशाचाच उपयोग नाही. हॅशिंग बऱ्या पासवर्डाला वेळ मिळवून देतं, कच्च्या पासवर्डाला पक्कं करत नाही.

मग लोक म्हणतात, आमचा पासवर्ड मराठीत किंवा अहिराणीत ठेवतो, कोण ओळखेल! कल्पना चांगली आहे. चोरांच्या याद्यांत इंग्रजी शब्दांची गर्दी असते, अहिराणी शब्द त्यात सहज सापडणार नाहीत. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं अहिराणी वाक्य मला स्वतःला आवडतं. देवनागरीत लिहायचं असेल, तर मात्र दोन खाचखळगे आहेत, आणि ते इंग्रजी लेखांत सहसा सापडत नाहीत.

पहिला असा. बीक्रिप्ट ७२ बाइटपर्यंतच वाचतं. बाइट म्हणजे संगणकात मजकूर मोजायचं छोटं माप. इंग्रजी अक्षर एका बाइटचं असतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह सहसा ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, मोडलेला पाय ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. 'कळण्याची भाकरी आणि ठेचा' हे मधल्या रिकाम्या जागांसह ६३ बाइट होतं. त्यापुढे 'कच्चा कांदा' जोडलंत, तर कच्चातच ७२ ची मर्यादा ओलांडली जाते आणि कांदा पूर्ण बाहेर पडतो. अनेक प्रणाली उरलेलं मुकाट्यानं सोडून देतात. म्हणजे 'कच्चा मुळा' टाकूनही दार उघडेल. काही नव्या लायब्ररी आता अशा वेळी चूक दाखवतात, ते बरं.

दुसरा खळगा जास्त त्रास देतो. 'वाऱ्या' या शब्दातला अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन. दुसरा, साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारी जोडखूण टाकून. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला पूर्ण वेगळे. फोनवरचा कीबोर्ड एक पद्धत वापरतो, ऑफिसच्या संगणकावरचा दुसरी. हॅश काटेकोर असल्यामुळे माळ जुळत नाही, आणि बिचारा सभासद म्हणत राहतो की मी तोच पासवर्ड टाकतोय. तो खरं बोलत असतो. मराठी सभासदांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी कुटण्याआधी अशी दोन्ही रूपं एकाच रूपात आणायला हवीत, आणि ते काम पहिल्याच दिवशी व्हायला हवं. नंतर केलं तर आधीच्या माळा जुळत नाहीत.

आतापर्यंत सभासदांच्या पासवर्डांचं झालं. खुद्द डेटाबेसालाही स्वतःचं लॉगिन असतं, आणि तिथलं कुलूप अनेकदा जास्त गंजलेलं असतं. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची जुनी पद्धत पासवर्डात वापरकर्त्याचं नाव मिसळून एमडी५ करायची. नाव म्हणजे काही चांगलं मीठ नव्हे. त्याहून वाईट हे, की चोराला साठवलेली माळ मिळाली तर मूळ पासवर्ड शोधायचीही गरज नव्हती, त्या माळेवरच लॉगिन जमत असे. २०१७ मध्ये १० व्या आवृत्तीत स्क्रॅम नावाची पद्धत आली आणि २०२१ च्या १४ व्या आवृत्तीपासून तीच नेहमीची झाली. तिच्यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. सर्व्हर मीठ, फेऱ्यांचा आकडा आणि त्या वेळेपुरती एक नवी संख्या पाठवतो, समोरचा त्यावरून आपल्याला पासवर्ड माहीत असल्याचा पुरावा बनवून देतो, आणि साठवलेली नोंद चोरली तरी नुसत्या तिच्यावर आत शिरता येत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरनंही २०१८ मधल्या ८.० आवृत्तीत एसएचए-१ वरची जुनी पद्धत मागे टाकून एसएचए-२५६ वर आधारलेली पद्धत नेहमीची केली. पण डेटाबेस नवा बसवला म्हणून जुन्या वापरकर्त्यांच्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. प्रत्येकाचा पासवर्ड नव्यानं ठरवावा लागतो. जिल्ह्यातल्या किती सर्व्हरांवर हे राहून गेलेलं मला दिसलं आहे!

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे कुटायचं काम डेटाबेसाच्या आज्ञेतच करणं. तसं केलं की उघडा पासवर्ड आज्ञेसोबत प्रवास करतो आणि लॉग फाइलीत, म्हणजे सर्व्हर आपल्या कामाची नोंद ठेवतो तिथं, लिहिला जाऊ शकतो. टेबलात उत्तम हॅश आणि शेजारच्या लॉगमध्ये सगळे पासवर्ड उघडे, अशी स्थिती होते. कुटणं प्रोग्राममध्ये करा, आणि फोनपासून सर्व्हरपर्यंतची वाट टीएलएसनं, म्हणजे वाटेतला मजकूर एनक्रिप्ट करणाऱ्या पद्धतीनं, बंद ठेवा.

आबांच्या पतसंस्थेत मी पुढच्या आठवड्यात गेलो. व्यवस्थापकांना आधी वाटलं, मी तक्रार घेऊन आलोय. मी त्यांना २०११ चे माहिती तंत्रज्ञानाचे नियम दाखवले. संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या यादीत पासवर्ड पहिल्याच क्रमांकावर आहे, बँक खात्याच्याही आधी. त्यांचं सॉफ्टवेअर दुसऱ्या गावच्या माणसाचं होतं. त्यानं फोनवर न रागावता ऐकून घेतलं, आणि आम्ही दोघांनी मिळून काम केलं. पासवर्ड उघडेच होते, त्यामुळे सगळे एका रात्रीत कुटून जुना कॉलम काढून टाकता आला. मिठाविना एमडी५ असता, तर त्या माळांनाच वरून बीक्रिप्ट लावून ठेवलं असतं आणि सभासद लॉगिनला येईल तसतसं नव्यानं कुटत गेलो असतो.

वेळ गेला तो बॅकअपांत. कपाटात चार वर्षांच्या पेन ड्राइव्ह होत्या आणि प्रत्येकीत तोच उघडा कॉलम. रजिस्टरशी ताळा घेतला तर दोन कमी भरल्या. कुणाच्या घरी असतील, कुठं पडल्या असतील, काही कळेना. मग उपाय एकच होता: प्रत्येक सभासदाला नवा पासवर्ड ठरवायला लावणं, आणि तोच पासवर्ड आणखी कुठं वापरला असेल तर तिथंही बदला असं सांगणं. शाखेतल्या त्याच मुलानं तीन आठवडे फोन केले. आबांना त्यानं फोन केला तेव्हा मी गावीच होतो. ते म्हणाले, "तूच टाकी दे ना काहीतरी." तो म्हणाला, "नाही आबा, आता माले दिसत नाही. तुम्हीच टाका."